निवडणूक आयोगाची स्वतःची माणसं किती?

मीनल_त

परवा जेवताना लेकीने विचारलं, "आई, निवडणूक आयोगात किती माणसं असतात?" शाळेत नागरिकशास्त्राचा प्रकल्प आहे. मी थाटात सांगितलं, "तीन." त्यावर ती म्हणाली, "तीन माणसं अख्ख्या देशाची निवडणूक घेतात?" तेव्हापासून मी चाचपडतेय.

मला ठाऊक आहे ते एवढंच. राज्यघटनेचं कलम ३२४, आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५०, एक मुख्य निवडणूक आयुक्त आणि दोन आयुक्त. दिल्लीत अशोक रोडवर निर्वाचन सदन. तिथल्या सचिवालयात काहीशे माणसं. आणि २०२४ च्या लोकसभेला आयोगानेच सांगितलेले आकडे असे: जवळपास ९७ कोटी मतदार, साडेदहा लाख मतदान केंद्रं, कर्मचारी आणि सुरक्षा दलं मिळून दीड कोटी माणसं.

आता काहीशे कुठे आणि दीड कोटी कुठे? मधली सगळी कुणाची? त्यांचा पगार कोण देतं, त्यांनी ऐकायचं कुणाचं? आणि ती सरकारचीच असतील तर 'स्वतंत्र' आयोगाचं नेमकं काय स्वतंत्र?

पक्षांची धुळवड नको. कामकाज कसं चालतं ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

खवचट खार

पहिला!

'तीन' हे उत्तर १ ऑक्टोबर १९९३ पासून बरोबर. त्याआधी बहुतेक काळ 'एक' हेच उत्तर होतं. मधे ऑक्टोबर १९८९ मध्ये दोन जादा आयुक्त नेमले आणि १ जानेवारी १९९० ला ती पदंच काढून टाकली. अडीच महिन्यांची आयुक्तगिरी. आमच्या सोसायटीचा खजिनदारसुद्धा जास्त टिकतो.

निवृत्त नायब

मीनलताई, तुमच्या या प्रश्नातच माझी निम्मी नोकरी गेली. तहसीलला निवडणूक शाखेचा नायब तहसीलदार होतो, म्हणून खालून वर सांगतो.

आयोगाचं जिल्ह्यात स्वतःचं एकही कार्यालय नसतं. ३२४ च्या सहाव्या उपकलमात लिहिलंय की आयोगाने मागितला की राष्ट्रपती आणि राज्यपालांनी कर्मचारीवर्ग पुरवायचा. म्हणजे सगळी उसनवारी. जो माणूस सकाळी जिल्हाधिकारी म्हणून टंचाईची बैठक घेतो, तोच दुपारी जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून सही करतो. प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी असतो तो मतदार नोंदणी अधिकारी, आणि निवडणूक लागली की बहुधा तोच निवडणूक निर्णय अधिकारी. तहसीलदार त्याचा सहायक. त्याखाली क्षेत्रीय अधिकारी, मग केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी. राज्यात सगळ्यांवर मुख्य निवडणूक अधिकारी, तेही आयएएसच. राज्य सरकार नावं पाठवतं आणि त्यातलं एक आयोग निवडतो.

पगार तुमचा तोच, खातं तेच, पण साहेब बदलतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३ सीसी आणि १९५१ च्या कायद्यात २८ ए अशी दोन कलमं आहेत. यादीचं काम करणारे आणि निवडणूक घेणारे सगळे त्या कामापुरते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानायचं, आणि नियंत्रण, शिस्त सगळं आयोगाचं. ही कलमं घटनेइतकी जुनी नाहीत बरं का, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आली. तोवर सगळा मामला रिवाजावर चालला होता.

प्रत्यक्षात कसं दिसतं? दुपारी दिल्लीत पत्रकार परिषद सुरू व्हायची आणि आम्ही तहसीलला टीव्हीसमोर. तारखा जाहीर झाल्या की आचारसंहिता त्या क्षणापासून. सरकारी इमारतींवरचे फलक २४ तासांत उतरवायचे, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत, खासगी जागांवरचे ७२ तासांत. शिपाई आधी आमच्याच भिंतीवरचं मंत्र्यांच्या फोटोचं कॅलेंडर काढायचा. मग कोनशिला झाकायला माणसं सुटायची. पदाधिकाऱ्यांच्या सरकारी गाड्या आवारात येऊन उभ्या राहायच्या. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांच्या एका फोनवर आम्ही उठून उभे राहायचो, त्यांचा फोन आला की साहेब शांतपणे सांगायचे, "लेखी द्या, वर विचारतो." ते वाक्य बोलताना साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते वेतन आयोगाच्या फरकानेसुद्धा आलं नसतं.

शंकासुर

नायबकाका, वर्णन झकास. पण निकालानंतर? आचारसंहिता उठली की तोच जिल्हाधिकारी, तोच मंत्री, आणि बदलीची फाईल मंत्र्याच्या टेबलावर. दोन महिने 'लेखी द्या' म्हणणाऱ्याला पुढची चार वर्षं आठवत नसतील? उसना माणूस कितीही झालं तरी परत जायचाच असतो.

निवृत्त नायब

आठवतात ना. खोटं कशाला बोलू. म्हणूनच निवडणुकीआधी आयोगाचं बदल्यांचं पत्रक निघतं. निवडणुकीशी थेट संबंध असलेला अधिकारी स्वतःच्या जिल्ह्यात नको, आणि गेल्या चार वर्षांतली तीन त्याच जिल्ह्यात काढलेली नकोत. शिवाय बाहेरच्या राज्यातून निरीक्षक येतात: सर्वसाधारण, खर्चाचे आणि पोलीस. ते आमच्या साहेबांच्या हाताखाली नसतात, सरळ दिल्लीला कळवतात. निरीक्षक विश्रामगृहावर उतरले की अख्ख्या कचेरीचा आवाज खाली यायचा.

कोर्टाची पायरी

शंकासुर, तुमच्या मुद्द्यावर खरंच मोठं भांडण झालंय. २ ऑगस्ट १९९३ ला तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी आदेश काढला की आयोगाचे अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर देशात कुठलीच निवडणूक होणार नाही. वादाचं मूळ हेच: उसन्या माणसावर शिस्तीचा बडगा कुणाचा? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तडजोड व्हायला २००० चा सप्टेंबर उजाडला. ठरलं ते असं. आयोग अशा अधिकाऱ्याला निलंबित करू शकतो, त्याच्या जागी दुसरा आणू शकतो, मूळ खात्यात परत धाडू शकतो आणि शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस करू शकतो. खात्याने त्यावर काय केलं ते सहा महिन्यांत कळवायचं. शेवटची शिक्षा मात्र मूळ खात्याच्याच हातात राहिली. अर्धा बडगा म्हणा.

आणखी एक फट. २८ ए ची प्रतिनियुक्ती अधिसूचनेच्या दिवसापासून निकालापर्यंत, आचारसंहिता मात्र घोषणेपासून. मधल्या काळात आयोग चालतो तो ३२४ च्या जोरावर. डिसेंबर १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात कोर्टाने म्हटलं होतं की कायदा जिथे गप्प आहे तिथे ३२४ मधून आयोगाला अधिकार मिळतात. पण कायदा बोलतो तिथे आयोगाला त्याच्याबाहेर जाता येत नाही, हेही त्याच निकालात आहे आणि लोक सोयीने विसरतात. खुद्द आचारसंहिता हा कायदा नाहीच. १९६० मध्ये केरळात पक्षांनी आपसांत मान्य केलेल्या नियमांपासून ती वाढत आली.

पाटी-पेन्सिल

दीड कोटीतली एक इथे आहे, हात वर करते. जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. चार निवडणुका झाल्या. दोनदा मतदान अधिकारी, दोनदा केंद्राध्यक्ष.

आमच्यावर हे काम येतं ते कायद्याने. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना अशैक्षणिक कामं नकोत म्हटलंय, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढे अपवाद आहेत. आदेश नाकारला तर १९५१ च्या कायद्याच्या १३४ व्या कलमाची नोटीस. तिथला दंड पाचशे रुपयांपर्यंत, पण नोटिशीची भीती पाच हजारांची.

कुठलं केंद्र मिळणार ते आदल्या दिवशी साहित्यवाटपाच्या मांडवात कळतं. कर्मचाऱ्यांची 'सरमिसळ' तीनदा होते, संगणकावर. यंत्रांची दोनदा, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. माझ्या पथकातले बाकीचे तिघे मी जन्मात पाहिलेले नव्हते: एक बँकेतले, एक पाटबंधारेवाले, एक कृषी सहायक. ही ओळख नसणं मुद्दामच असतं हे मला दुसऱ्या खेपेला समजलं. चार अनोळखी माणसं रातोरात कट काय करणार? आम्हाला तर खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरच एकमत करता येत नव्हतं.

आता जवळून सांगते. मतदान सातला, म्हणून अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, साडेपाचला. उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी आले नाहीत तर पंधरा मिनिटं थांबायचं. निदान पन्नास मतं टाकायची, सगळ्या उमेदवारांना आणि 'वरीलपैकी कोणीही नाही'लाही. मग यंत्रावरची बटणं ओळीने: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यंत्रातला आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवायच्या. त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या जाड पाकिटात सील करायच्या.

माझी केंद्राध्यक्ष म्हणून पहिली वेळ. पावणेसात वाजले होते, बाहेर रांग लागलेली, एक प्रतिनिधी "चला मॅडम, चला" करतोय. रिझल्ट झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी हिरवी कागदी सील हातात घेतली. तेवढ्यात बँकेतले काका हळूच म्हणाले, "मॅडम, टोटल बघा एकदा." पडद्यावर ५०. क्लिअर दाबायचंच राहिलं होतं. तसंच सील केलं असतं तर त्या पन्नास खोट्या मतांसकट दिवसभर मतदान झालं असतं. असं झालेलं यंत्र मोजणीला बाजूला ठेवतात आणि जिंकण्याचं अंतर कमी असेल तर हिशेब चिठ्ठ्यांवर जातो. आणि केंद्राध्यक्षाचं काय होतं ते विचारू नका. क्लिअर दाबून शून्य दिसलं, ते सगळ्या प्रतिनिधींना एकेक करून दाखवलं, मग सही घेतली. माझे हात त्यानंतर तासभर थरथरत होते. काकांना चहा पाजायचा राहूनच गेला.

संध्याकाळी सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या द्यायच्या त्या शेवटच्या माणसापासून पुढे येत. उलट दिल्या तर मागून नवे लोक घुसत राहतील. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला हा साधा नियम मला फार आवडतो.

मग नमुना १७ सी भरायचा. किती मतं पडली, यंत्रांचे आणि सीलांचे क्रमांक, आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला. मोजणीच्या दिवशी त्यांनी आपल्या हातातला कागद यंत्राशी ताडून बघायचा. माझ्या मते अख्ख्या यंत्रणेतला सगळ्यात मोलाचा कागद हा. आणि तो लिहिणारी माणसं पहाटे चारपासून उठलेली असतात! जमा करायच्या केंद्रावर मी रात्री पावणेदोनपर्यंत रांगेत होते. एका कर्मचाऱ्याने एका आकड्यावरच्या खाडाखोडीसाठी तीन वेळा परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबरच होतं. पण पंखा तरी लावायचा होता.

खवचट खार

>> काकांना चहा पाजायचा राहूनच गेला.

लोकशाही त्या चहाची देणेकरी आहे.

भटकी_वही

आठ वर्षं अमेरिकेत आहे. इथे असा एक राष्ट्रीय आयोगच नाही. राज्यं आणि काउंट्या आपापल्या निवडणुका घेतात. अनेक राज्यांत वरचा निवडणूक अधिकारी स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची सहा जणांची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशापुरती, आणि चार मतं जमल्याशिवाय तिचं पान हलत नाही. इथल्या शेजाऱ्यांना १७ सी समजावताना मला चक्क अभिमान वाटला.

रस्त्यावरचा दिवा

हे सगळं कौतुक ठीक आहे. पण महापालिकांच्या निवडणुका इतकी वर्षं रखडल्या, प्रशासक बसले, तेव्हा हा आयोग काय झोपला होता का? आणि आमच्या वॉर्डात व्हीव्हीपॅट का नव्हतं?

निवृत्त नायब

दिवासाहेब, तो आयोग वेगळा. हा घोळ लोकांचा सोडा, काही पुढाऱ्यांचाही होतो. भारत निवडणूक आयोग लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधानपरिषद, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती एवढ्या निवडणुका घेतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या. तो ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीतून आला, महाराष्ट्रात १९९४ पासून. तिथे एकच आयुक्त, नेमणूक राज्यपालांची, आणि हटवायचं तर हायकोर्टाच्या न्यायाधीशासारखं. यादी विधानसभेचीच घेऊन प्रभागांत फोडतात, म्हणून यादीतली चूक दोन्हीकडे मुरते. यंत्रं त्यांची वेगळी, त्यांना व्हीव्हीपॅट जोडलेलं नसतं. माणसं? पुन्हा आम्हीच. एका वर्षी मी एकाच खुर्चीत बसून दोन आयोगांना उत्तरं दिलीत.

कोर्टाची पायरी

त्याला पुरवणी. गोव्यात सरकारच्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्ताचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी नोकरीत असलेल्याला हे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्र माणूसच हवा. म्हणजे खालचे उसने चालतात, वरचा उसना चालत नाही.

शंकासुर

आता मुद्द्यावर आलात. वरचे तीन निवडतं कोण?

कोर्टाची पायरी

घटनेने नेमणूक राष्ट्रपतींवर सोपवली आणि पुढची पद्धत संसदेच्या कायद्यावर सोडली. तो कायदा सत्तर वर्षं झालाच नाही. धोका काय ते घटना समितीला कळत होतं. जून १९४९ च्या चर्चेत शिब्बनलाल सक्सेना यांची सूचना होती की नेमणुकीला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश मतांची मान्यता हवी. आंबेडकरांनीही कबूल केलं की एखादा मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये यासाठी मसुद्यात काही तजवीज नाही.

२ मार्च २०२३ ला घटनापीठाने सांगितलं की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक व्हावी. वर्ष संपायच्या आत संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री आला. कायदामंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची शोध समिती पाच नावं देते, आणि निवड समितीला त्याबाहेरचं नावही घेता येतं. मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. मार्च २०२४ मध्ये या कायद्याला स्थगिती द्यायला कोर्टाने नकार दिला.

माझं मत विचाराल तर तिघांच्या समितीत दोन एकाच बाजूचे असतील तर तिसऱ्याने चहा प्यायचा आणि असहमती नोंदवायची. समिती कसली ती?

निवृत्त नायब

वकीलसाहेब, थोडा विरोध करतो. आधी तर समितीच नव्हती, सरकार थेट नावं काढायचं. सुकुमार सेन तसेच आले, शेषन तसेच आले. सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, ते तर आयसीएस, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. त्यांनी पहिल्या निवडणुकीत काय केलं ते बघा. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी नोंद असलेल्या आणि स्वतःचं नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळली. ओरड झाली असणार, पण पुढच्या खेपेला नावं आली. दारातून कसा आला यापेक्षा खुर्चीत बसल्यावर त्याला हलवता येतं का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शंकासुर

मग तिथेही बघा काका. मुख्य आयुक्ताला सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखं, संसदेतूनच हटवता येतं. बाकीच्या दोघांना मात्र मुख्य आयुक्ताच्या शिफारशीवर हटवता येतं. मतं तिघांची सारखी, निर्णय बहुमताने, आणि संरक्षण एकालाच पक्कं. बढतीची वाट पाहणारे दोघे आणि शाश्वत एक. सरन्यायाधीश सोडाच, हेही त्या नव्या कायद्यात तसंच राहिलं.

निवृत्त नायब

हे मान्य. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

कोर्टाची पायरी

पैशाचंही तसंच. सुप्रीम कोर्ट, कॅग, लोकसेवा आयोग यांचा प्रशासकीय खर्च संचित निधीवर भारित असतो, म्हणजे त्यावर संसदेत मतदान होत नाही. निवडणूक आयोगाच्या सचिवालयाचा खर्च मात्र मतदानाला टाकला जातो. निवडणुकीचा खर्च लोकसभेचा केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र असतील तर निम्मानिम्मा.

पक्षफुटीत चिन्ह कुणाचं हेही आयोगच ठरवतो, १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली. महाराष्ट्राने २०२३ आणि २०२४ मध्ये त्याचे दोन प्रयोग पाहिले. त्यावर इथे लिहीत नाही, धागा बुडेल.

खवचट खार

बुडवा की. उन्हाळा आहे.

मीनल_त

नको हो! विनंती केली होती मी.

सगळ्यांचे आभार. लेकीने प्रकल्पात भला मोठा उलटा त्रिकोण काढलाय. टोकाला तीन माणसं आणि वर पसरलेली सगळी गर्दी. बँकेतले काकापण आहेत त्यात, हातात कप आहे. 'उसने' शब्दावर तिच्या बाईंनी लाल पेनाने 'प्रतिनियुक्ती' लिहून दिलं.

नायबकाका, एक घरगुती प्रश्न. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली, यादीत नाव अजून आहे. मागच्या वेळी चिठ्ठी वाटायला आलेल्या अंगणवाडीताईंना सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पण झालं काहीच नाही. त्यांनी मुद्दाम केलं असं नाही वाटत मला.

निवृत्त नायब

मुद्दाम नसणार. तुमच्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरतं यादीचं काम पाहणाऱ्या ताई त्या. तोंडी सांगण्यावर नाव कमी करता येत नाही त्यांना, अर्ज लागतो. उद्या कुणी शेजाऱ्याचंच नाव 'वारले' म्हणून सांगितलं तर?

नमुना ७ भरा. नमुना ६ नवीन नावाला, ८ दुरुस्तीला आणि पत्ता बदलायला, ७ नाव कमी करायला. सासूबाईंचं नाव, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अचूक लिहा, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. ऑनलाइनही भरता येतो, पण माझं ऐकाल तर ताईंच्या हातातच द्या. पोच मागून घ्या, त्या विसरतात. आणि लेकीची अठरा कधी पूर्ण होतात ते बघून ठेवा. आता १ जानेवारीचीच वाट पाहावी लागत नाही, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीखही धरतात.

मीनल_त

ती अजून आठवीत आहे हो काका :) पोच मागते.